भोवऱ्यांचा ट्रे आणि हेब्बाळची हवा

सुक्या मेव्याच्या खोक्यातले काजू-बदाम दिवाळी सरायच्या आत संपतात आणि मागे एक सोनेरी ट्रे उरतो. चार-सहा खणांचा, बोट लावले की कुरकुरणारा. टाकवत नाही आणि ठेवून उपयोगही नाही. बिस्किटांच्या पुड्यातला खाचांचा ट्रे, जत्रेत मागे रबर लावून मिळणारा वाघाचा मुखवटा, फ्रिजच्या आतले पांढरे अंग, चाकांच्या टणक सुटकेसचे कवच, ही सगळी एकाच कुळातली. प्लास्टिकची सपाट शीट तापवून मऊ करायची, साच्यावर पसरायची आणि खालची हवा काढून घ्यायची. याला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. औषधी गोळ्यांच्या पाकिटावरचे पारदर्शक फुगवटेही याच घराण्यातले, फक्त तिथे बहुतेकदा दाबाची हवा वरून मारतात.

हे तंत्र कारखान्याबाहेर कधीच पडले आहे. १९६०च्या दशकात मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीने ‘व्हॅक-यू-फॉर्म’ नावाचे चक्क मुलांसाठीचे यंत्र काढले होते. तापलेली धातूची प्लेट आणि हाताने मारायचा पंप असे ते प्रकरण आजच्या आईबापांना दाखवले तर घाम फुटेल. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या सैनिकांची पांढरी शिरस्त्राणे याच पद्धतीने इंग्लंडमध्ये बनली. त्यांच्या स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) वाद पुढे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ही शिरस्त्राणे म्हणजे शिल्प नव्हे, असा निकाल २०११मध्ये लागला. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर कुठल्याही डेंटल लॅबमध्ये डोकावा. दातांच्या प्लास्टरच्या ठशावर पारदर्शक कवच चढवणारे छोटे यंत्र तिथे टेबलावर असते. त्याला जेमतेम पाच इंची चौरस शीट लागते. साबणाची एखादी वडी किंवा कानातल्यांचा जोड बसेल एवढा ट्रे त्यावर आरामात निघतो.

उत्तर बंगळूरच्या हेब्बाळमध्ये राहून घरच्या घरी हा उद्योग करणाऱ्याची जागा सोयीची आहे. पश्चिमेला रिंग रोडने बीईएल सर्कल ओलांडून गोरगुंटेपाळ्याला गेले की पुढे पीण्या, म्हणजे देशातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. शहराच्या पोटात एसपी रोड आहे. यंत्राला लागणारी नायक्रोमची तार, तापमान नियंत्रक, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, हे सगळे तिथे एका गल्लीत मिळते. एक घोटाळा मात्र ठरलेला. ‘हेब्बाळ प्लास्टिक’ असे शोधले की उत्तर मैसूरचे येते. मैसूरलाही हेब्बाळ औद्योगिक वसाहत आहे आणि प्लास्टिकचे शिक्षण देणाऱ्या सिपेट या केंद्रीय संस्थेचे मैसूर केंद्र तिथेच आहे. गाडी काढण्याआधी पिनकोड पाहावा.

जवळ पीण्या असताना घरी का करायचे? कारण संख्या. ब्लिस्टरवाल्याकडे, म्हणजे असे ट्रे पाडणाऱ्या कारखानदाराकडे, ॲल्युमिनियमचा साचा पाडावा लागतो, शीटचा रोल यंत्रावर चढवावा लागतो, आणि मग तो हजारांच्या खाली बोलत नाही. बंगळुरात हाताने साबण करणारे, मेणबत्त्या ओतणारे, छोटी इलेक्ट्रॉनिक किट विकणारे खूप आहेत. त्यांची गरज पन्नास किंवा दोनशे नगांची असते. या मधल्या फटीत घरगुती यंत्र बसते. माझ्या मते ते तिथेच बसते. हजारो नगांसाठी गच्चीवर शेगडी पेटवणे हा हट्ट झाला.

उदाहरणाला चन्नपट्टणचे भोवरे घेऊ. बंगळूरहून मैसूर रस्त्याने साठेक किलोमीटरवरचे हे गाव. तिथे हलक्या पांढऱ्या लाकडाला, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याला, लेथवर फिरवून लाखेचा रंग चढवतात. या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे. कौतुकाने घेतलेले सहा भोवरे खोक्यात एकमेकांवर आपटत प्रवास करतात आणि लाखेवर चरे पडतात. त्यांना आडवे झोपवणारा सहा खणांचा ट्रे करायचा आहे.

पहिला मोह असा होतो की भोवराच साचा म्हणून ठेवावा आणि वर शीट ओढावी. तसे करू नये. लाख साधारण ७५-८० अंशांना मऊ पडते आणि अंगावर येणारी शीट दीडशेच्या आसपास असते. रंग शीटला चिकटून निघेल. दुसरी अडचण आकाराची. भोवऱ्याचे पोट गोल असते. शीट त्या गोलाईच्या खाली गेली की भोवरा आत अडकला, तो कापूनच काढावा लागतो. म्हणून आडव्या भोवऱ्याचा बरोबर अर्धाच भाग घ्यायचा आणि तोही प्लास्टरमध्ये उतरवायचा. चारही बाजूंनी मिलिमीटरभर वाढवून, म्हणजे भोवरा खणात सैल बसतो. असे सहा अर्धे भोवरे एमडीएफच्या फळीवर पालथे चिकटवले की साचा तयार. शीट त्यांच्यावर उतरते, थंड झाली की उलटी करायची. शीटची जी बाजू साच्याला टेकली तीच भोवऱ्याला टेकणार, त्यामुळे माप फसत नाही.

साच्याच्या उभ्या बाजूंना तीन ते पाच अंशांचा उतार हवा. तो नसेल तर थंड होऊन आक्रसलेली शीट साच्याला अशी आवळते की सुरी घालूनही सुटत नाही. दोन उंचवटे फार जवळ आले तर मध्ये प्लास्टिकचा पडदा तयार होतो, ब्लिस्टरवाले त्याला ‘वेब’ म्हणतात. निदान उंचीइतके तरी अंतर मध्ये सोडावे. हवा शेवटी जिथे कोंडते, म्हणजे उंचवट्याच्या पायथ्याशी आणि खाचांमध्ये, तिथे एक मिलिमीटरहून बारीक भोके पाडायची. मोठ्या भोकाचा ठसा ट्रेवर फोडासारखा उठतो. प्लास्टर स्वतःच थोडे श्वास घेते, म्हणून भोके कमी लागतात, पण ते हाडासारखे कोरडे हवे. आत ओल राहिली तर तापलेल्या शीटखाली वाफ होते. थ्रीडी प्रिंटरवाल्यांना वाटते, साचा छापून काम भागेल. त्या छपाईचे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे दहा-बारा ओढींनंतर उंचवटे बसलेले दिसतात. छापलेल्या आकारावरून प्लास्टरची नक्कल काढणे चांगले.

आता हवा. पंप शीटला खाली ओढतो असे दिसते, पण काम वरची हवा करते. पंप फक्त खालची हवा बाजूला करतो. समुद्रसपाटीला हवेचा भार दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.०३ किलो असतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर, तिथे तो ०.९३च्या आसपास येतो. म्हणजे मुंबईच्या कारागिराला फुकट मिळणारा दाब हेब्बाळमध्ये एक दशांशाने कमी मिळतो. तरी तो थोडाथोडका नाही. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या शीटवर, खाली पूर्ण पोकळी झाली तर, आठशे किलोंहून जास्त भार पडतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर २० किलोपास्कल खेचत असेल तर त्यातले १८० किलोच मिळतात. गोलसर भोवऱ्यांना तेवढे पुरते. ट्रेवर नाव किंवा बारीक नक्षी उठवायची असेल तर एसी दुरुस्त करणाऱ्यांचा व्हॅक्यूम पंप घ्यावा लागतो. तो खोल खेचतो, पण सावकाश, आणि शीट तर काही सेकंदांत थंड होते. उपाय म्हणजे मध्ये एक टाकी. आधी पंपाने टाकी रिकामी करून ठेवायची आणि शीट साच्यावर बसताक्षणी व्हॉल्व्ह उघडायचा. साच्याखालची पेटी तीन लिटरची आणि टाकी पंचवीस लिटरची असेल तर बहुतेक सगळा दाब एका झटक्यात मिळतो. क्लीनर वापरणाऱ्याने तो तोंड बंद अवस्थेत फार वेळ चालू ठेवू नये. बऱ्याच क्लीनरांची मोटर आत येणाऱ्या हवेनेच थंड राहते.

शीट तापवणारा हीटर दोन किलोवॅटचा घेतला तर २३० व्होल्टला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात. भिंतीवरचा सहा अँपिअरचा सॉकेट इथे चालणार नाही, गीझरचा सोळाचा लागेल. पंखा बंद ठेवायचा आणि खिडकीही. संध्याकाळी हेब्बाळच्या तळ्याकडून येणारा वारा एरवी कितीही सुखाचा असला तरी शीटचा एक कोपरा गार करतो, आणि तेवढाच कोपरा साच्यावर बसायचा राहतो.

मग शीट पाहत उभे राहायचे. एक मिलिमीटरची पांढरी हायइम्पॅक्ट पॉलिस्टायरिनची शीट घेतली तर पहिला थोडा वेळ काहीच घडत नाही. मग ती विस्तवावरच्या पापडासारखी वेडीवाकडी होते, लाटा उठतात, नवख्याला वाटते बिघडली. तिला हात लावू नये. लाटा आपोआप विरतात, शीट ताठ सपाट होते, पृष्ठभागावर किंचित चमक येते आणि मग मधोमध पोट सुटू लागते. ते दोन-तीन सेंटिमीटर सुटले की शीट धरणारी चौकट साच्यावर खाली आणायची. घड्याळापेक्षा हे पोट खरे बोलते, कारण विजेचा दाब दुपारी वेगळा आणि रात्री वेगळा असतो.

शीट ताणली की पातळ होणारच. हिशेब सोपा आहे. ३० बाय ३०ची शीट म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटर. तिच्याखाली १५ बाय १५चा आठ सेंटिमीटर उंच ठोकळा ठेवला तर चार भिंतींचे ४८० वाढले. तेवढेच प्लास्टिक आता १३८० चौरस सेंटिमीटरवर पसरले, म्हणजे एक मिलिमीटरचे सरासरी ०.६५ झाले. सरासरी म्हणजे अर्धे सत्य. ठोकळ्याचा माथा शीटला आधी लागतो आणि तिथेच ती थिजते, त्यामुळे माथा जाड राहतो आणि पायथ्याचे कोपरे कागदासारखे होतात. भोवरे उथळ असल्याने आपण वाचलो.

प्लास्टिक कोणते, यावर माझे मत पक्के आहे. बाजारात पीव्हीसी स्वस्त मिळते आणि छान ओढले जाते, पण घरात ते तापवू नये. जास्त तापले तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू सुटतो. शिवाय पीईटीच्या भंगारात पीव्हीसी मिसळले तर तो सगळा माल बिघडतो. पारदर्शक हवे असेल तर पीईटीजी घ्यावे, पांढरे-काळे चालत असेल तर पॉलिस्टायरिन. पॉलिकार्बोनेट हवेतली ओल पिते, आधी वाळवले नाही तर आत बुडबुडे उठतात. खाण्याच्या वस्तूंना हात न लावणे उत्तम. अन्नाला टेकणाऱ्या वेष्टनासाठी २०१८चे केंद्रीय नियम आहेत आणि एसपी रोडवरून किलोवर आणलेल्या शीटची कुळकथा कोणी लिहून देत नाही. चॉकलेटवाल्या मैत्रिणीने आग्रह केला तरी, जोवर शीट विकणारा फूड ग्रेडचा कागद देत नाही तोवर नाही म्हणावे.

ओढण्यापेक्षा जास्त वेळ कापण्यात जातो, हे नवख्याला कोणी सांगत नाही. एका ओढीला तीन-चार मिनिटे, म्हणजे तासाला पंधरा ट्रे. सुरीने कडा कापायला बसलात तर तासाला दहाही होत नाहीत आणि कडा दातरी येते. इथे लग्नपत्रिकांचे पंचिंग करणारा कारागीर कामाला येतो. प्लायवूडमध्ये पोलादी पाते वळवून बसवलेली त्याची डाय आपल्या मापाची करून घ्यावी. एका दाबात कडा सफाईने सुटते आणि तीच डाय त्याच ट्रेच्या पुढच्या प्रत्येक ऑर्डरला चालते. सुटलेले पांढरे काप वेगळ्या पिशवीत ठेवावेत. एकाच जातीचे, कोरे प्लास्टिक भंगारवाला आनंदाने नेतो.

कायद्याची भीती उगाच बाळगू नये, पण माहिती हवी. १ जुलै २०२२पासून देशभर बंद झालेल्या एकवापरी वस्तूंमध्ये मिठाईच्या खोक्यांभोवतीची पातळ फिल्म आहे, सजावटीचा थर्माकोल आहे. खेळण्याचा ट्रे त्या यादीत नाही. भोवऱ्यांचे खोके बंद करून दुकानात ठेवायचे असेल तर २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे नाव-पत्ता, नगसंख्या, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापावी लागते. त्यासाठी खोक्यावर जागा आधीच सोडावी. ट्रे होऊन बसल्यावर लेबल कुठे लावायचे, हा प्रश्न फार जणांना पडतो.

महाराष्ट्रात हे हाताने शिकायचे असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली, अमेरिकेच्या एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. साचा आधी स्वतः घडवायचा आणि मग तो का फसला ते पाहायचे, ही तिथली शिकवण या कामाला तंतोतंत लागू पडते.

आणि दोनशेची ऑर्डर दोन हजारांची झाली, की प्लास्टरचा साचा व घरचा सर्वांत चांगला ट्रे घेऊन पीण्याला जावे. ब्लिस्टरवाला ट्रे उलटा करून आधी उतार बघतो, मग खणांमधले अंतर, मग विचारतो, ‘किती मायक्रॉन?’ या तिन्हींची उत्तरे तयार असली की भावाची बोलणी वेगळ्या सुरात होतात.