वारा पाहून शीड

जानेवारीतल्या एका रविवारी आमचा भाचा बोरिवलीला घरी आला तो ओल्या कपड्यांनिशी. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "मामा, आईला सांगू नकोस."

हकीकत अशी. मार्वेच्या किनाऱ्यावर तो विंडसर्फिंग शिकतो. पाण्यावरच्या फळीवर उभं राहायचं, तिच्यावर बसवलेलं शीड हातांनी धरायचं आणि वाऱ्यावर फळी पळवायची, असा हा खेळ. भाच्याचं वजन ५२ किलो, त्याच्या मित्राचं ८५. त्या मित्राचं साडेसात चौरस मीटरचं शीड यानं मागून घेतलं. शीड मोठं म्हणजे वेग मोठा! सकाळची वेळ. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा त्या दिवशी चांगलाच जोरात होता. शीड आवरेना. हा पडायचा, शीड उचलायला जायचा, तोवर वारा त्याला आणखी आत न्यायचा. परतणाऱ्या कोळी बांधवांनी होडीत ओढून घेतलं, म्हणून पोर घरी आलं.

चहा पोटात गेल्यावर मी कागद-पेन्सिल घेतली. माझी सारी नोकरी बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. अर्जदाराची ऐपत आणि बाजाराची हवा पाहायची, मग रक्कम ठरवायची. शिडाचा हिशेबही तसाच. वारा शीड ओढतो, माणूस मागे रेलून तोल सांभाळतो. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात त्याचं वजनच असतं. म्हणून या खेळात एक ढोबळ आडाखा आहे. किलोतल्या वजनाला १.४ने गुणायचं आणि वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगाने भागायचं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. येईल ते उत्तर म्हणजे शिडाचे चौरस मीटर. वारा १५ नॉट धरला तर मित्राला जवळजवळ आठ, भाच्याला पाचच्या आत. वारा २० नॉट झाला की भाच्याला साडेतीनच्या आसपास. नवशिक्यानं तर त्याहूनही लहान घ्यावं. कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो!

भाचा म्हणाला, "मग स्पर्धेतले?" त्यांची गोष्ट वेगळी. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या इबाद अलीनं विंडसर्फिंगच्या आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात पुरुषांचं शीड साडेनऊ चौरस मीटरचं. वारा मंद असो की जोराचा, माप तेच. तिथं खेळाडू शिडाच्या मापाचा होतो, पण त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो. आपण आपल्या मापाचं शीड घ्यावं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे समुद्रावरही खरंच. शिवाय वाऱ्याची दिशाही पाहावी. दुपारचा खारा वारा किनाऱ्याकडे आणतो, सकाळची मतलई दूर नेते.

परवा भाचा पुन्हा आला. साडेचारचं शीड घेतलंय. मित्र हसले म्हणे.

"आणि आई?" मी विचारलं.

"मीच सांगितलं तिला सगळं," तो म्हणाला. "आता मी निघालो की ती आधी विचारते, आज वारा कुठला?"