जीपचे दुखणे आणि वीस हजारांश

नानांची, म्हणजे आमच्या वडिलांची, 1962 सालची जीप 2019 च्या उन्हाळ्यात पोटातून खडखडू लागली. तेलाच्या दाबाचा काटा खाली बसला तो उठेना. अमरावतीत इंजिन उघडले, तेव्हा दुखणे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगात निघाले.

जाते पाहिलेल्यांना क्रँकशाफ्ट समजावून सांगायला नको. खुंटा ढकलला की तळी फिरते, तसाच पिस्टनचा धक्का हा वाकडा दांडा फिरवतो. त्याला धरून ठेवणाऱ्या अर्धगोल पत्र्यांच्या जोड्या म्हणजे बेअरिंगे: आमच्या इंजिनात दांड्याला तीन, कनेक्टिंग रॉडांना चार. त्यांचे अस्तर मुद्दाम मऊ. 1839 साली आयझॅक बॅबिट या अमेरिकन सोनाराने त्यासाठी कथलाचे मिश्रण काढले. कचरा आला तर अस्तरात रुतावा, दांडा वाचावा!

जुन्या बेअरिंगच्या पाठीवर '010' असा शिक्का होता. मी शहाणपणा करून त्याच मापाची नवी बेअरिंगे घेतली आणि दांड्यासह अकोला गाठले.

मिस्त्री हसले. "भाऊ, पायाचं माप न घेताच जोडा आनला जी तुमी!"

मायक्रोमीटर लावला. दांडा लंबगोल झिजलेला, वर ओरखडे. तो ग्राइंड करून मूळ मापाहून वीस हजारांश इंच बारीक करावा लागणार. म्हणजे बेअरिंगही '020' चे, तेवढे जाड. माझे पैसे बुडाले. "कागदाने घासून दहाचेच बसवा ना," मी म्हणालो. त्यांनी दांडा माझ्यापुढे ठेवला. "मंग घरी न्या."

मी गप्प बसलो.

चार दिवसांनी '020' ची बेअरिंगे बसली. पत्र्याची पाठ कोरडी, पोट तेलकट, तेलाची भोके समोरासमोर. पत्र्याची कड टोपीबाहेर किंचित डोकावत होती. ती कानशीने घासायची नाही, तिच्या दाबानेच पत्रा घट्ट बसतो. मग मेणाचा हिरवा धागा मध्ये ठेवून टोपी आवळली, पुन्हा उघडली आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी पाहिली. फट दोन हजारांश निघाली, जेमतेम केसाएवढी! तेवढ्या जागेत तेलाचा पापुद्रा धरतो आणि दांडा त्यावर तरंगतो. धागा पुसून टाकला. नंतर दर टोपी आवळली की मिस्त्री दांडा हाताने फिरवून पाहत. एकदा अडला, सगळे उघडले. पत्र्यामागे कापसाचा तंतू! अकोल्यात दुसरे काय सापडणार?

अमरावतीला इंजिन चढवून चालू केले. काटा वर गेला. नाना काही बोलले नाहीत. आत जाऊन टोपी घालून आले.