टिंबापुढचा शब्द : संकेतस्थळाचे नाव निवडताना

फ्रिस्को (टेक्सास) : डॅलसच्या उत्तरेकडील या शहराला १९०४ मध्ये सेंट लुई–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेच्या बोलीतील लघुनामावरून ‘फ्रिस्को’ हे नाव मिळाले. याच नावाचे गाव कोलोरॅडोतही आहे. फ्रिस्को नगर प्रशासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता मात्र संभ्रमाला जागा ठेवत नाही : ‘फ्रिस्कोटेक्सास डॉट गव्ह’. टिंबाच्या डावीकडे ओळख आहे आणि उजवीकडे हमी. कारण ‘डॉट गव्ह’ हा प्रत्यय पडताळणी झालेल्या अमेरिकी शासकीय संस्थांनाच मिळतो.

नोकरी सांभाळून मराठी पॉडकास्ट, पाककृतींचे दालन किंवा वार्तापत्र सुरू करू पाहणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. ‘डॉट कॉम’मध्ये हवे ते नाव बहुधा आधीच गेलेले असते. आयकॅन या नियामक संस्थेने २०१२ मध्ये नव्या प्रत्ययांसाठी अर्ज मागवले, तेव्हा १,९३० अर्ज आले. त्यातूनच डॉट न्यूज, डॉट मीडिया, डॉट ब्लॉग असे वर्णनात्मक प्रत्यय उपलब्ध झाले. डॉट प्रेस, डॉट ऑनलाइन यांसारखे प्रत्यय चालवणारी ‘रॅडिक्स’ ही कंपनी मुंबईचे उद्योजक भाविन तुरखिया यांनी स्थापन केली आहे.

अशा प्रत्ययामुळे नाव आटोपशीर राहते आणि विषय चटकन कळतो. मात्र शोधयंत्रात त्याने वरचा क्रमांक मिळत नाही. प्रत्ययातील शब्दाला वेगळे झुकते माप दिले जात नाही, हे गूगलने २०१५ मध्येच स्पष्ट केले. शिवाय ‘डॉट न्यूज’ कोणालाही विकत घेता येतो. त्यामुळे तो विषय सांगतो, विश्वासार्हतेची ग्वाही देत नाही. उद्या लेखनाकडून चित्रफितींकडे वळायचे असेल, तर ‘डॉट ब्लॉग’ हे नाव अडचणीचे ठरू शकते.

खर्चाचा खरा अंदाज दुसऱ्या वर्षी येतो. पहिल्या वर्षीची सवलत संपली की नूतनीकरणाचा दर लागू होतो, आणि बहुतेक नव्या प्रत्ययांच्या दरांवर कमाल मर्यादा नाही. दरवाढीपूर्वी प्रत्ययचालकाने नोंदणी कंपन्यांना १८० दिवसांची सूचना द्यावी लागते. त्या काळात जुन्या दराने एकूण दहा वर्षांपर्यंतचे नूतनीकरण करून ठेवता येते. ‘प्रीमियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नावांचे नियम वेगळे असू शकतात. म्हणून खरेदीपूर्वीच नूतनीकरणाचा दर पाहावा.

काही प्रत्यय वर्णनात्मक भासतात, परंतु ते देशांचे असतात. ‘डॉट टीव्ही’ हा तुवालू या द्वीपराष्ट्राचा आहे. देशाचे नियम बदलले की नावावरचा हक्कही बदलतो. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधील अनेकांना ‘डॉट ईयू’ नावांवर पाणी सोडावे लागले. ‘डॉट यूएस’साठी अमेरिकेशी नागरिकत्वाचा, वास्तव्याचा वा व्यवसायाचा संबंध लागतो, व्हिसावर राहणाऱ्यांनी आणि मायदेशी परतण्याचा विचार असणाऱ्यांनी ही अट आधी तपासावी.

देवनागरीत नाव हवे असल्यास २०१४ पासून ‘डॉट भारत’ उपलब्ध आहे. तथापि अनेक ऑनलाइन अर्ज देवनागरी ईमेल पत्ता अजूनही स्वीकारत नाहीत. त्यामुळे हे नाव जोडपत्ता म्हणून घ्यावे आणि मुख्य संकेतस्थळाकडे वळवावे.

निर्णयापूर्वी एक सोपी कसोटी आहे : साताऱ्यातील आईला फोनवरून पत्ता एकदाच सांगावा आणि तिला तो टंकित करू द्यावा. तिने शेवटी आपसूक ‘डॉट कॉम’ जोडले, तर वाचकही तेच करतील; तेव्हा ते नाव कोणाकडे आहे, हे आधी पाहावे. नोंदणी मित्राच्या किंवा संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावे न करता स्वतःच्या नावे करावी आणि तिथे दिलेले कार्ड व ईमेल चालू ठेवावेत. नोंदणी चुकून संपली, तर वर्षानुवर्षांच्या लेखांचा पत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो.