राजवाड्याबाहेर वाचलेला नाच

१७ एप्रिल १९७५ रोजी खमेर रूज या साम्यवादी बंडखोरांच्या फौजा कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेनमध्ये शिरल्या आणि काही दिवसांत अख्खं शहर रिकामं करून माणसं खेड्यांकडे हाकलली गेली. त्या लोंढ्यात नर्तकी होत्या, वादक होते, मुकुट आणि मुखवटे घडवणारे होते. पुढच्या पावणेचार वर्षांत उपासमार, वेठबिगारी आणि कत्तली यांत सुमारे १७ लाख माणसं मेली. अभिजात नृत्यातल्या दहापैकी नऊ कलावंत गेले, असा अंदाज नेहमी दिला जातो. कंबोडियाच्या नृत्याविषयी कुठेही वाचा, एवढं असतंच. त्यानंतरची दहा-बारा वर्षं मात्र एका वाक्यात उरकली जातात. खरी कहाणी तिथेच आहे.

ही कला मुळात दरबारी. १९०६ साली राजा सिसोवाथ मार्सेयच्या वसाहत प्रदर्शनासाठी फ्रान्सला गेला, तेव्हा आपला नर्तकींचा ताफा सोबत घेऊन गेला. पॅरिसमध्ये त्यांचा नाच पाहून शिल्पकार रोदँ पासष्टीच्या वयात त्यांच्यामागे थेट मार्सेयला पोहोचला आणि त्याने दीडशेच्या आसपास रेखाटनं केली. विसाव्या शतकाच्या मध्यावर राणी कोस्समाक यांनी या नृत्याला आजचं रूप दिलं. माकडांच्या भूमिका तोवर बायकाच करत, त्या पुरुषांकडे दिल्या. नात बुप्फा देवी हिच्यासाठी त्यांनी अप्सरानृत्य बसवलं. अंकोरवाटच्या भिंतींवरच्या अप्सरांचा पोशाख आणि मुकुट त्यात उतरले. हजार वर्षांची परंपरा म्हणून पर्यटकांपुढे सादर होणारी ही रचना आपल्या आजीच्या काळातली आहे. त्यात कमीपणा काहीच नाही, पण ठाऊक असलेलं बरं.

हे नृत्य शिकवायची रीत पाहिली की १९७९ नंतरच्या कामाचा आवाका कळतो. मुली सहा-सात वर्षांच्या असल्यापासून रोज बोटं मागे वळवतात, इतकी की पंजा कमानीसारखा उलटा व्हावा. गुरू मागे उभी राहते आणि आपल्या गुडघ्याने शिष्येची कंबर पुढे रेटते, हाताने खांदे मागे ओढते. बोटांच्या मुद्रांतून अंकुर, पान, फूल आणि फळ एकामागून एक उमलत जातं. प्रयोगाच्या दिवशी पोशाख नुसता घालत नाहीत, तो नर्तकीच्या अंगावर सुईदोऱ्याने शिवतात, आणि त्यात तासन् तास जातात. यातलं काही कागदावर लिहून भागत नाही. शिवाय स्त्री, पुरुष, राक्षस आणि माकड या चार प्रकारच्या भूमिका. मुलीची अंगकाठी पाहून लहानपणीच तिची भूमिका ठरते आणि तीच ती आयुष्यभर करते. म्हणजे राक्षस नाचणाऱ्या मेल्या, तर ‘रीआमकेर’मधला, म्हणजे तिकडच्या रामायणातला, रावणच गेला.

जानेवारी १९७९मध्ये व्हिएतनामी फौजांनी खमेर रूजचा नेता पोल पॉट याची राजवट उलथवली. हयात कलावंत एकेक करून राजधानीत परतले आणि १९८१च्या सुमारास ललित कलांची शाळा पुन्हा उघडली. तिथे शिकवणाऱ्यांत चेआ सामी होत्या. १९१९चा जन्म, वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास राजवाड्यात दाखल. त्यांचे यजमान लोथ सुओंग हे पोल पॉटचे सख्खे भाऊ. पोल पॉट, म्हणजे तेव्हाचा सालोथ सार, शाळकरी वयात यांच्याच घरी राहत होता. राजवाड्याशी त्या घराचा संबंध जुना. त्याची चुलत बहीण राजनर्तकी होती, राजा मोनिवोंगची संगिनी होती. देश कोण चालवतंय हे सामी आणि त्यांच्या यजमानांना कळलं ते गावातल्या सामुदायिक भोजनगृहात पोल पॉटचा फोटो लागला तेव्हा. तोवर ते दोघं इतरांसारखेच शेतात राबत होते. दिराने उद्ध्वस्त केलेली कला वहिनीने उभी केली, असं म्हणायचा मोह होतो. पण तेवढंही खरं नाही, कारण हे काम एकट्याचं नव्हतंच. कुणाला गाणी आठवत होती, कुणाला पदन्यास, कुणाला एकाच भूमिकेच्या हालचाली, आणि ते सगळे तुकडे समोर बसून जुळवावे लागले. विद्यार्थ्यांत अनाथ मुलं पुष्कळ होती. थायलंडच्या सीमेवर निर्वासितांच्या छावण्यांतही काही जणी मुलींना शिकवत होत्या.

हे सगळं व्हिएतनामच्या पाठिंब्यावर चाललेल्या साम्यवादी सरकारच्या काळात घडलं. जगातल्या बहुतेक देशांनी त्या सरकारला मान्यता दिली नव्हती. संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची त्या दशकात खमेर रूज आणि त्यांच्या आघाडीकडेच राहिली. इंदिरा गांधींच्या सरकारने मात्र १९८०मध्ये मान्यता दिली. पुढे १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने अंकोरवाटची डागडुजी केली. 

राजेशाही परतली १९९३मध्ये, म्हणजे शाळा उघडून बारा वर्षं झाल्यावर. बुप्फा देवींनी पुढे सांस्कृतिक मंत्री म्हणून आणि नृत्यरचनाकार म्हणून मोठं काम केलं, २०१९मध्ये त्या वारल्या. पण २००३मध्ये युनेस्कोने गौरव केला तो ‘कंबोडियाचं राजनृत्य’ या नावाने, आणि श्रेय नकळत राजवाड्याकडे गेलं. मला हे खटकतं. राजघराण्याने ही कला शतकानुशतकं पोसली, यात शंका नाही. पण ती बुडाली तेव्हा तिला वर काढलं ते सरकारी शाळेत पोट भरण्यापुरत्या शिध्यावर शिकवणाऱ्या बायकांनी.

त्यांनी घडवलेली पिढी गप्प बसली नाही. १९८८मध्ये या शाळेतून बाहेर पडलेल्या सोफिलीन चेआम शापिरो यांनी शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ याच नृत्यशैलीत बसवलं. २०१५मध्ये प्रमसोदुन ओक यांनी नॉम पेनमध्ये समलिंगी पुरुष नर्तकांचा संच काढला आणि त्याला नाव दिलं ‘नाट्यरस’. जुन्या जाणत्यांना हे सगळं रुचलं असं नाही. पण जी कला नव्याने उभी राहिली आहे तिच्यावर भांडण होणं, ही तब्येत सुधारल्याचीच खूण म्हणायची.

अंकोरवाट पाहायला जाणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. तिथून जवळच्या सिएम रीप शहरातल्या हॉटेलांत जेवणाबरोबर अप्सरानृत्य दाखवतात, तिथे ताटावरून नजर काढून नर्तकींच्या पंजांकडे जरूर बघा. आणि जमलं तर एक दिवस नॉम पेनसाठी राखून पूर्ण प्रयोग पाहा. चेआ सामींचं १९९४मध्ये निधन झालं. त्यांच्या शिष्यांच्या शिष्या आता तिथे नाचतात.