कोमट म्हणजे काय? लावदिकीयाच्या पत्राभोवतीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ख्रिस्ती परिभाषेतील ‘आध्यात्मिक कोमटपणा’ हा शब्दप्रयोग नव्या कराराच्या अखेरच्या पुस्तकातून, म्हणजे प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातून आला आहे. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील, सात मंडळ्यांना (मंडळी म्हणजे एका गावातील श्रद्धावंतांचा समुदाय) ख्रिस्ताच्या नावे लिहिलेली सात पत्रे या पुस्तकात आहेत. त्यांतील शेवटचे पत्र लावदिकीयाच्या मंडळीला उद्देशून असून तिच्यावर ती गरमही नाही व थंडही नाही, केवळ कोमट आहे, असा ठपका ठेवलेला आहे. हे पत्र जेमतेम नऊ वचनांचे आहे. त्याच्याभोवती साचलेले गैरसमज मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांतला पहिला मराठी वाचकाच्या बाबतीत भाषेनेच निर्माण केलेला आहे.

मराठीत ‘कोमट’ हा शब्द दोषवाचक नाही. बाळाला न्हाऊ घालायचे पाणी कोमट हवे, घसा धरला तर मीठ घालून कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात, सकाळी अनशापोटी कोमट पाणी प्यावे, अशा वाक्यांतून या शब्दाला सौम्य व हितकारक अशीच छटा लाभली आहे. मूळ ग्रीक ‘ख्लिआरोस’ हा शब्द संपूर्ण नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो आणि त्याला जोडून जे क्रियापद वापरले आहे त्याचा अर्थ सरळसरळ ओकून टाकणे असा आहे. पहिल्या शतकातील रोमन वैद्यकलेखक केल्सस याने जेवणानंतर उलटी काढण्यासाठी कोमट पाणी, आणि तेवढ्याने भागले नाही तर त्यात थोडे मीठ किंवा मध, असा उपाय सांगितला आहे. म्हणजे त्या काळच्या वाचकाला कोमट पाणी व ओकारी यांचा संबंध समजावून सांगावा लागत नव्हता. मराठी वाचकाने तेथे न्हाणीघरातील ऊन पाण्यापेक्षा निवून गेलेला चहा डोळ्यांपुढे आणला, तर तो मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा की गरम म्हणजे उत्साही भक्त, थंड म्हणजे नास्तिक किंवा विरोधक आणि कोमट म्हणजे त्या दोघांच्या मधला, अर्धवट श्रद्धा असलेला माणूस. या वाचनाला परंपरेचा आधार नाही असे म्हणता येणार नाही, कारण पाचव्या शतकातील संन्यासी लेखक योहान कॅसियन याने कोमट माणसापेक्षा संसारात गुंतलेला माणूस परिवर्तनाला अधिक जवळचा असतो, असे स्पष्ट प्रतिपादन केले होते, आणि पुढील अनेक प्रवचनकारांनी तोच धागा धरला. पण या वाचनात एक अडचण उरते. पत्रातील वक्ता लावदिकीयाने थंड किंवा गरम असावे अशी इच्छा व्यक्त करतो, आणि थंड म्हणजे श्रद्धाहीन असेल तर ख्रिस्त आपल्याच मंडळीने श्रद्धाहीन व्हावे अशी इच्छा करतो असे मानावे लागते. केवळ अतिशयोक्तीचा अलंकार म्हणून हे वाक्य सोडवता येते, पण ती सोडवणूक जरा ओढूनताणून केल्यासारखी वाटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अडचणीचे उत्तर पाण्यात शोधले गेले. लावदिकीया लायकस नदीच्या खोऱ्यात, आजच्या देनिझली शहराजवळ वसलेले होते. उत्तरेला सुमारे दहा किलोमीटरवर हिअरापोलिस, म्हणजे आजचे पामुक्कले, होते व तेथील उष्ण झरे रोगनिवारणासाठी प्रसिद्ध होते. आग्नेयेला पंधरा-अठरा किलोमीटरवर कलस्सै होते व तेथे डोंगरातून येणारे गार पाणी मिळे. रडविक आणि ग्रीन या अभ्यासकांनी १९५८ च्या सुमारास असे सुचवले की गरम पाणी औषधी आणि गार पाणी तहान भागवणारे, दोन्ही आपापल्या परीने उपयोगी, तर लावदिकीयाचे पाणी दोन्ही दृष्टींनी कुचकामी होते. कॉलिन हेमर यांच्या १९८६ च्या ग्रंथामुळे हे मत अभ्यासकवर्तुळाबाहेरही पसरले. त्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे: थंड हीही स्तुती, गरम हीही स्तुती, आणि दोष आहे तो कोणत्याही उपयोगाला न येण्याचा.

परंतु गैरसमज दूर करणारे स्पष्टीकरणही काही वर्षांनी नवा गैरसमज होऊन बसते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आज अनेक प्रवचनांत हिअरापोलिसचे उकळते पाणी नळांतून लावदिकीयापर्यंत येताना वाटेत निवून कोमट होत असे, हे जणू सिद्ध झालेले असल्याप्रमाणे सांगितले जाते. प्रत्यक्षात शहराचा जलवाहक दक्षिणेकडून, देनिझलीच्या बाजूच्या झऱ्यांकडून येत होता. तेथे उत्खननात सापडलेल्या दगडी नळांच्या आत चुन्याचे जाड थर बसलेले दिसतात, यावरून पाणी जड होते एवढे निश्चित होते, पण ते पिण्यालायक नव्हते असे सिद्ध होत नाही. उलट भूगोलकार स्ट्राबो याने या पाण्याचा दगड होतो असे नोंदवूनही ते पिण्याजोगे असल्याचे म्हटले आहे. क्रेग कोस्टर या अभ्यासकाने २००३ मध्ये या पुराव्याची फेरतपासणी करून रूपकाचा उगम नळांत न शोधता जेवणाच्या पंगतीत शोधला. ग्रीक-रोमन मेजवानीत पेय बर्फाने गार करून किंवा तापवून दिले जाई, दोन्ही प्रकार पाहुण्याला आवडत, आणि खोलीतल्या हवेइतके तापमान असलेले पेय तेवढे पानापाशी कोणाला नको असे. दोन्ही स्पष्टीकरणांत समान काय ते लक्षात घ्यावे. गरम पदार्थ भोवतालच्या हवेपासून वेगळा असतो, गार पदार्थही वेगळा असतो, आणि कोमट पदार्थाने मात्र भोवतालचे तापमान स्वीकारलेले असते. त्यामुळे कोमटपणाचा मुद्दा श्रद्धेच्या प्रमाणाशी, म्हणजे ती शंभरातली पन्नास टक्के असण्याशी, नसून तिने परिसरापासूनचे वेगळेपण गमावण्याशी आहे.

त्या परिसराचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. हे शहर इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्यास सेल्युकिड राजा दुसरा अंतियोख याने आपल्या लाओदिके या राणीच्या नावाने वसवले. इसवी सनपूर्व ५१ मध्ये किलिकियाच्या सुभेदारीवर जाताना सिसेरोने आपल्या हुंड्या तेथे वटवल्या, यावरून तेथील सावकारी पेढ्यांची पत कळते. स्ट्राबो तेथील काळ्या कुळकुळीत लोकरीचे कौतुक करतो आणि जवळच्या देवळाशी निगडित असलेल्या वैद्यकशाळेचाही उल्लेख करतो. इसवी सन ६० मध्ये भूकंपाने शहर जमीनदोस्त झाले तेव्हा, टॅसिटसच्या नोंदीनुसार, ते रोमच्या मदतीविना स्वतःच्या साधनांवर पुन्हा उभे राहिले. आता पत्रातील मजकूर पाहावा: मंडळी स्वतःला श्रीमंत समजते, आपल्याला कशाची उणीव नाही असे म्हणते, आणि तिला सोने, पांढरी वस्त्रे व डोळ्यांत घालायचे अंजन विकत घेण्याचा सल्ला दिला जातो. पेढ्या, लोकर व वैद्यक हे तिन्ही अभिमानविषय येथे उलटे करून तिच्यापुढे ठेवले आहेत असे अनेक भाष्यकार मानतात. भूकंप आणि पत्र यांत, पत्राचा प्रचलित कालनिर्देश सुमारे ९५ हा धरल्यास, पस्तीसेक वर्षांचे अंतर पडते, म्हणून त्यांचा संबंध अनुमानाचाच राहतो. पण कोमटपणाची व्याख्या त्या अनुमानावर अवलंबून नाही, कारण ती पत्रातच दिलेली आहे. आपल्याला काही लागत नाही ही समजूत म्हणजेच कोमटपणा, आणि त्या समजुतीमुळे स्वतःची दैन्यावस्था न दिसणे हे त्याचे लक्षण.

ही व्याख्या हाती आली की कोमटपणाला निष्क्रियता समजण्याची चूक आपोआप उघडी पडते. लावदिकीयाची कामे आपल्याला ठाऊक आहेत असे पत्राच्या आरंभी म्हटले आहे. ती नाहीत असे म्हटलेले नाही. येथे इफिसच्या मंडळीशी होणारी गल्लतही सोडवावी लागते, कारण प्रवचनांत ही दोन पत्रे सर्रास एकत्र केली जातात: इफिसने कष्ट केले, चिकाटी दाखवली, पण पहिली प्रीती सोडली, आणि लावदिकीयाने सोडली ती गरजेची जाणीव. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या चौथ्या शतकातील एव्हाग्रियस या संन्याशाने ‘अकेडिया’ नावाच्या अवस्थेचे वर्णन केले, जिचा शब्दशः अर्थ ‘आस्था नसणे’ असा होतो. तिच्या तावडीत सापडलेल्या संन्याशाला दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. पुढे कॅसियनने ही संकल्पना लॅटिन जगात नेली आणि तिची एक धूर्त खोड नोंदवली. ही अवस्था नेहमी झोपाळूपणाच्या रूपाने येत नाही, तर कोठडीबाहेर जाऊन आजाऱ्यांना भेटावे, नातलगांची विचारपूस करावी अशा सत्कृत्यांच्या ओढीच्या रूपानेही येते. वर्षभर कार्यक्रमांनी गजबजलेली मंडळी कोमट असू शकते, हे या दृष्टीने पाहिल्यास विरोधाभासाचे वाटत नाही.

याहून घातक गैरसमज मात्र भावनेशी निगडित आहे. प्रार्थनेत मन लागत नाही, पूर्वीसारखा आनंद होत नाही, देव दूर गेल्यासारखा वाटतो, म्हणून आपण कोमट झालो, असा निष्कर्ष अनेक प्रामाणिक श्रद्धावंत काढतात व त्यावरून स्वतःला छळतात. ख्रिस्ती साधनापरंपरेने या दोन अवस्था काळजीपूर्वक वेगळ्या केल्या आहेत. सोळाव्या शतकातील स्पॅनिश कार्मेलाईट संन्यासी क्रुसाचा संत योहान (१५४२–१५९१) याने ‘अंधारी रात्र’ या ग्रंथात शुष्कता, म्हणजे प्रार्थनेतील रुक्षपणा, आणि कोमटपणा यांतील भेद ओळखण्याच्या तीन खुणा दिल्या. शुष्कतेत असलेल्या माणसाला देवाच्या गोष्टींत रस वाटत नाही, पण इतर कशातही वाटत नाही. आपण देवाची सेवा करत नाही या विचाराने तो तळमळतो. आणि पूर्वीसारखे मनन करू पाहूनही त्याला ते साधत नाही. कोमट माणसाला ही तळमळच नसते. म्हणून ‘मी कोमट तर नाही ना?’ हा प्रश्न ज्याला रात्री झोपू देत नाही, त्याच्या बाबतीत उत्तर बहुधा नकारार्थी असते, हे या खुणांवरून निघणारे थोडेसे विनोदी पण खरे अनुमान आहे.

संत इग्नेशियस लोयोला याने आध्यात्मिक उदासीची तीन कारणे सांगितली: साधकाचा स्वतःचा आळस वा हलगर्जीपणा, त्याची कसोटी, आणि सांत्वन हे कमाई नसून दान आहे याची जाणीव व्हावी हा हेतू. म्हणजे उदासी कोमटपणातून येऊ शकते, पण तेवढ्यानेच येते असे नाही. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा कोलकात्यातील त्यांच्या सेवेच्या काळात देवाच्या अनुपस्थितीचा अनुभव त्यांना अनेक दशके सोसावा लागला हे जगाला कळले आणि काहींना धक्का बसला. वरील भेद ज्यांना माहीत होता त्यांना तो बसण्याचे कारण नव्हते. नैराश्य हा आजार तर या सगळ्याहून वेगळा असून त्याला पाप किंवा कोमटपणा म्हणणे हा निव्वळ अज्ञानाचा प्रकार आहे. उलट बाजूने, भावनांचा उकाळा म्हणजेच उत्कटता असेही नाही. अमेरिकेतील धार्मिक जागृतीच्या लाटेनंतर तिचाच एक पुरस्कर्ता जोनाथन एडवर्ड्स याने १७४६ च्या आपल्या ग्रंथात भावना अत्यंत तीव्र असणे हे खऱ्या श्रद्धेचे निश्चित चिन्ह नाही आणि तिच्या अभावाचेही नाही, असे सविस्तर दाखवून दिले.

भारतीय वाचकाला कोमटपणा हा मध्यम मार्गाचाच निंदाव्यंजक पर्याय वाटण्याचा संभव असतो. ख्रिस्ती नीतिशास्त्राने मध्यम मार्ग नाकारलेला नाही. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस अॅरिस्टॉटलला अनुसरून धैर्य, संयम इत्यादी नैतिक सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतात असेच मानतो. मात्र श्रद्धा, आशा व प्रीती या ईश्वराभिमुख सद्गुणांना तो हे माप लावत नाही, कारण देवावर गरजेपेक्षा जास्त प्रीती करणे ही गोष्टच संभवत नाही. त्यामुळे उपवास किती करावा याला मर्यादा आहे, देवावरील प्रीतीला नाही, आणि ती मर्यादा ओलांडणाऱ्या कट्टरतेला गरम म्हणण्याचीही सोय उरत नाही.

सात मंडळ्या म्हणजे चर्चच्या इतिहासाचे सात कालखंड आणि लावदिकीया म्हणजे आजचे, शेवटचे युग, ही समजूत १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमुळे फार पसरली. पत्रात तसा कोणताही संकेत नाही. लावदिकीयाची मंडळी पत्रानंतर नष्ट झाली असेही नाही. चौथ्या शतकात तेथे मोठे चर्च उभे होते, २०१० मध्ये ते उजेडात आले, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात तेथे एक धर्मसभाही भरली.

ओकून टाकण्याच्या इशाऱ्यावरून कोमट म्हणजे कायमचा टाकलेला, असे समजणारे वाचक मूळ क्रियापदाकडे दुर्लक्ष करतात: ते घडून गेलेल्या कृतीचे नसून घडण्याच्या बेतात असलेल्या कृतीचे आहे, आणि तीनच वचनांनंतर हा ठपका प्रीतीपोटी ठेवला असल्याचे सांगितले आहे. दाराशी उभे राहून ठोठावणाऱ्या ख्रिस्ताचे प्रसिद्ध चित्रही येथूनच आले. विल्यम होल्मन हंट याने १८५१ ते १८५३ या काळात रंगवलेल्या चित्रात त्या दाराला बाहेरून कडी नाही. हे वचन सहसा अख्रिस्ती श्रोत्यांना उद्देशून वापरले जाते, पण पत्राच्या ओघात दार मंडळीचेच आहे व ख्रिस्त स्वतःच्या लोकांच्या घराबाहेर उभा आहे. दार उघडल्यास तो आत येऊन संध्याकाळचे जेवण त्यांच्यासोबत घेणार आहे, आणि कोस्टर यांचे मत ग्राह्य धरले तर कोमट पेयाचे रूपक ज्या पंगतीतून उचलले होते, तीच पंगत पत्राच्या शेवटी पुन्हा मांडलेली आहे.