मायक्रोआरएनए, संगणकीय साधने आणि सिकलसेल : पांढुर्णा-सौंसर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हा मराठी भाषिक भाग २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दोन्ही तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. हा परिसर मध्य भारताच्या सिकलसेल पट्ट्यात मोडतो. या पट्ट्यातील विकाराची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये केली होती. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभही १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोल येथे झाला. या विकाराच्या अभ्यासात संगणकाचा उपयोग कसा होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जनुकांचे नियमन :
बीटा-ग्लोबिन जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे सिकलसेल होतो. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन मात्र वेगळे असते व त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर त्याची निर्मिती हळूहळू थांबते. ज्या रुग्णांत ती काही प्रमाणात चालू राहते, त्यांचा त्रास कमी असतो. म्हणून जनुकाइतकेच त्याच्या नियमनालाही महत्त्व आहे.

मायक्रोआरएनए हा सुमारे २२ अक्षरांचा रेणू संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती रोखतो. त्याचा शोध १९९३ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी अॅम्ब्रोस व रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेराव्या गुणसूत्राची जादा प्रत असलेल्या बालकांत गर्भीय हिमोग्लोबिन अधिक आढळते. याच गुणसूत्रावरील मिर-१५ए व मिर-१६-१ हे एमवायबी या जनुकाला दाबतात व त्यामुळे असे घडते, असे २०११ च्या संशोधनात दिसून आले.

संगणकीय साधने :
'मिरबेस' या संग्रहाच्या २०१८ च्या आवृत्तीत मानवाचे २,६५४ परिपक्व मायक्रोआरएनए नोंदले आहेत. त्यांतील कोणता कोणत्या जनुकाला लागू पडतो, हे हाताने तपासणे अशक्य आहे. 'टार्गेटस्कॅन' मायक्रोआरएनएच्या सुरुवातीची सहा-सात अक्षरे जनुकाच्या संदेशातील अक्षरांशी जुळतात का व ती जुळणी इतर प्राण्यांतही टिकून आहे का, हे पाहते. 'आरएनए-हायब्रिड' दोन्ही रेणूंची जोडी किती घट्ट बसेल, याचे गणित करते. 'मिरटारबेस'मध्ये प्रयोगाने तपासलेल्या जोड्या मिळतात.

मर्यादा :
चार अक्षरांच्या लिपीत सात अक्षरांची जुळणी निव्वळ योगायोगानेही दर १६,३८४ जागांमागे सरासरी एकदा होते. गझलेत काफिया जुळला म्हणून शेर साधला असे होत नाही. तसेच येथेही आहे. संगणक उमेदवारांची यादी देतो, पुरावा प्रयोगशाळेतच मिळतो.

निष्कर्ष :
ही साधने विनामूल्य असल्याने तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही त्यांवर अभ्यास करू शकतो. तथापि, रुग्णाला आज आधार आहे तो रक्ततपासणीचा, विवाहपूर्व सल्ल्याचा आणि हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाचा. हे औषधही मुख्यतः गर्भीय हिमोग्लोबिन वाढवूनच गुण देते. नियमनाचा अभ्यास पांढुर्णा-सौंसरच्या रुग्णांसाठी का मोलाचा आहे, हे यावरून स्पष्ट होते.