बदली, विनंती बदली आणि खेळाडूचा करार



बदली हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. विनंती बदली, प्रशासकीय बदली, आपसी बदली, आंतरजिल्हा बदली, सगळे प्रकार आपल्याला तोंडपाठ आहेत. मी स्वतः रोह्याहून पेणला रोज गाडीने येतो-जातो. बदलीच्या यादीत आपलं नाव कुठे आहे हे बघताना पोटात गोळा कसा येतो, ते मला माहीत आहे.

आजचा विषय तोच आहे, फक्त खेळाडूंच्या जगातला. मागच्या वर्षी वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, जडेजा चेन्नईतून राजस्थानला गेला, त्याला विचारलं होतं का?" प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर शोधता शोधता दोन तास गेले आणि पुढे एका पालकाच्या कामालाही आले. म्हणून इथे लिहितो आहे.

करार म्हणजे काय? बयाण्याचं उदाहरण

पेणच्या मुलांना करार समजावणं सोपं आहे. वर्गातल्या एका मुलीच्या घरी गणपतीचा कारखाना आहे. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे बयाणा घेतला की ती मूर्ती दुसऱ्याला विकत नाही. कोणी जास्त पैसे दिले तरी नाही." झालं, हाच करार. दोघांनी एकमेकांना शब्द दिला, त्यात दोघेही बांधले गेले. पण इथे बांधली जाते ती मूर्ती. खेळाडूच्या करारात माणूस बांधला जातो, आणि माणसाला स्वतःचं मन असतं. सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते.

तीन प्रश्न

खेळाडूचा कोणताही करार समजून घ्यायचा तर मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा.

१. मला जायचं असेल तर मी जाऊ शकतो का?
२. मला जायचं नसेल तर ते मला पाठवू शकतात का?
३. करार संपल्यावर मी मोकळा आहे का?

पहिला प्रश्न : विनंती बदली

आयपीएलमध्ये एका संघातला खेळाडू दुसऱ्या संघात देता येतो. त्यासाठी दोन्ही संघ राजी लागतात, खेळाडूची संमती लागते आणि क्रिकेट मंडळाची मान्यता लागते. खेळाडू विनंती करू शकतो, पण सोडायचं की नाही हे संघ ठरवतो. आपल्या विनंती बदलीसारखंच. अर्ज आपला, आदेश त्यांचा.

नियम सोडून बाहेरच्या बाहेर बोलणी केली तर काय होतं? २०१० मध्ये रवींद्र जडेजावर नेमका हाच ठपका आला. तो तेव्हा राजस्थानचा खेळाडू होता. दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल त्याला त्या वर्षीची आयपीएल खेळता आली नाही. गंमत बघा, नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच जडेजा रीतसर अदलाबदलीत पुन्हा राजस्थानला गेला. संजू सॅमसन चेन्नईला आला, जडेजा आणि सॅम करन तिकडे गेले. जडेजाचं मानधन १८ कोटींवरून १४ कोटी झालं. म्हणजे वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर: हो, विचारलं होतं. त्याच्या संमतीशिवाय हे झालंच नसतं.

पण लगेच दुसरी बाजूही सांगा. लिलावात मात्र खेळाडूला कोणी विचारत नाही. जो संघ जास्त बोली लावेल तिकडे जायचं, आणि कोणीच बोली लावली नाही तर घरी बसायचं. आपल्या पालघरचा शार्दुल ठाकूर बघा. २०२२ च्या लिलावात दिल्लीने त्याला १० कोटी ७५ लाखांना घेतलं. पुढच्या हंगामाआधी अदलाबदलीत तो कोलकात्याला गेला, मग लिलावातून चेन्नईला. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याला कोणीच घेतलं नाही. नंतर लखनऊने ऐनवेळी बदली खेळाडू म्हणून बोलावलं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये २ कोटींवर तो मुंबईच्या संघात आला. चार वर्षांत पाच संघ! मुलांना फक्त कोटीचे आकडे दिसतात. ही धावपळही दाखवा.

दुसरा प्रश्न : "मला हलवायचं नाही"

उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीची एनएचएल नावाची मोठी स्पर्धा आहे. तिथे संघ खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवू शकतो. सकाळी फोन येतो, संध्याकाळी विमान. म्हणून मोठे खेळाडू करारात एक कलम घालून घेतात: माझ्या लेखी संमतीशिवाय मला दुसऱ्या संघाला द्यायचं नाही आणि खालच्या स्तरावरच्या संघातही पाठवायचं नाही. हे कलम कोणालाही मिळत नाही. वयाची २७ वर्षं किंवा त्या स्पर्धेत ७ हंगाम झाल्यावरच ते लागू करता येतं.

आपल्याकडे याचं अगदी जवळचं उदाहरण आहे. विशेष संवर्ग भाग १ मधले शिक्षक, म्हणजे दिव्यांग, गंभीर आजार असलेले वगैरे, बदलीला नकार देऊ शकतात. त्यांना तो हक्क गरजेमुळे मिळतो, हॉकीपटूला तो त्याच्या किमतीमुळे मिळतो. फरक मोठा आहे, वर्गात यावर चर्चा छान होते.

आता या कलमाची खरी कसोटी. २००९ मध्ये डॅनी हीटली या हॉकीपटूने ओटावा संघाकडे स्वतःहून बदली मागितली. संघाने एडमंटनशी सौदा ठरवला. हीटली म्हणाला, तिथे नाही जाणार! करारात कलम होतं, त्यामुळे सौदा फिसकटला. १ जुलैला ठरलेली ४० लाख डॉलरची रक्कम ओटावालाच द्यावी लागली. शेवटी सप्टेंबरमध्ये तो सॅन होजे संघात गेला.

मुलांना विचारा, चूक कोणाची? माझ्या वर्गात दोन तट पडले. "त्यानेच मागितली ना बदली, मग मिळेल तिथे जावं," असं निम्मे म्हणाले. बाकीचे म्हणाले, "बदली मागितली म्हणजे कुठेही पाठवा असं म्हटलं नव्हतं." आपणही विनंती अर्जात शाळांचा पसंतीक्रम भरतोच की!

तिसरा प्रश्न : करार संपल्यावर

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर आपल्याच श्रीरामपूरच्या झहीर खानमुळे मिळालं आहे. ऑक्टोबर २००० मध्ये झहीर २२ वर्षांचा होता, नुकताच भारताकडून खेळू लागला होता. त्याने जाहिरातींचं काम बघणाऱ्या एका कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. त्यात एक कलम असं होतं की मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर तो आधी या कंपनीला दाखवायचा, आणि कंपनीने तेवढेच पैसे दिले तर तिच्याकडेच राहायचं.

२००३ मध्ये मुदत संपली आणि झहीरला दुसरीकडे जायचं होतं. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. आधी एका न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने मनाई दिली, मग खंडपीठाने ती उठवली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचंच म्हणणं कायम ठेवलं. आधार होता भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७. कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. मुदतीत बांधून ठेवणं वेगळं, मुदत संपल्यावरही दोर हातात ठेवणं वेगळं.

हे आपल्या कामाचं का आहे?

पेण-रोह्यात गावोगाव कबड्डीची मंडळं आहेत. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली आणि आपल्या मुलांच्या डोळ्यांत लिलाव आला. यात वाईट काहीच नाही. पण स्वप्न आलं की त्यामागे कागदही येतो.

एका संध्याकाळी नववीतल्या मुलाचे वडील कागद घेऊन आले. "सर, जरा वाचून सांगा. पोराला अकादमीत घेतायत. बूट, किट, राहणं, सगळं त्यांचं." मी वाचलं. मुलाने पाच वर्षं दुसरीकडे खेळायचं नाही. बक्षिसातला अर्धा वाटा त्यांचा. कुठे खेळायला पाठवायचं ते अकादमी ठरवणार. मध्येच सोडलं तर सगळा खर्च वडिलांनी भरायचा. आपले तीन प्रश्न लावून पाहिले, उत्तरं मुलाच्या बाजूची आली नाहीत.

मी म्हटलं, "दादा, सही करू नका असं मी म्हणत नाही. पण कागदाची प्रत मागा, आणि मुदत एक वर्षाची करतात का ते विचारा." त्यांनी विचारलं. समोरून उत्तर आलं, "सगळे करतात सही, तुम्हालाच काय अडचण?" दादांनी सही केली नाही. मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आजही तो गावच्या मंडळाकडूनच खेळतो. त्याची संधी हुकली का? कदाचित. हे ओझं माझ्यावर आहे, ते मी नाकारत नाही. पण वाचून ठरवणं आणि न वाचता ठरवणं यात फरक आहे, एवढं मी त्याला आता सांगू शकतो.

पालकांसाठी

- १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने त्याला बांधत नाही. म्हणूनच सही तुमची मागतात, आणि खर्चाची जबाबदारीही तुमच्यावर टाकतात.
- मुदत किती, सोडायचं असेल तर काय, शाळा आणि दहावीचं काय, दुखापत झाली तर उपचार कोण करणार, हे चार मुद्दे कागदावर आहेत का बघा. तोंडी शब्दावर जाऊ नका.
- कागद एक रात्र घरी आणा. लगेच सही मागणाऱ्याला "उद्या देतो" म्हणायला घाबरू नका.
- तालुका विधी सेवा समितीकडे मुलांसाठी मोफत कायदेशीर मदत मिळते. ती मागायला संकोच नको.

शिक्षकांसाठी उपक्रम

वर्गाचे तीन गट करा: संघमालक, खेळाडू आणि पालक. एका पानाचा करार मराठीत लिहायला सांगा. मग गटांनी भूमिका बदलायच्या आणि स्वतःच लिहिलेला कागद समोरच्याच्या नजरेने वाचायचा. करार, कलम, मुदत, संमती, अट, ना हरकत हे शब्द मुलं स्वतःहून वापरू लागतात. औपचारिक लेखनाचा याहून चांगला सराव मला तरी सापडलेला नाही.

तुमच्या वर्गात हीटलीच्या बाजूने किती हात वर आले, ते नक्की कळवा.